भांगाचा दिवस

पाटीवर लिहिलंय: घळ, सहाशे मीटर.
खाली कुणीतरी कोळशानं: परत येताना हजार.

वाट देवळामागून सुटते.
आधी जांभ्याच्या पायऱ्या,
मग करवंदीच्या जाळ्या,
मला धरतात, तिला सोडतात.
सुगंधाबाई जांभारकर पुढे, अनवाणी,
कमरेला कोयती, एकदाही खाली न बघता.
मी प्रत्येक पाऊल दगडाला विचारून टाकते.
माझा गुडघा चार महिन्यांचा आहे,
बाकीची मी एकसष्टची.

जांभा संपतो तिथे रंगच संपतो.
पुढे काळा कातळ, समुद्रापर्यंत,
आणि मधोमध ती घळ:
फणस अर्धा फोडून
कुणी हाक आली म्हणून उठून गेल्यासारखी.
कातळाला अंगभर भोकं,
एकेका भोकात चमचाभर समुद्र
वाळून पांढरा झालेला.
चाखला. खारटच.

पुतण्यानं व्हिडिओ दाखवला होता,
पाणी घळीत शिरतं, कोंडतं,
माडाएवढं उसळतं.
मोबाइल धरून उभी राहिले.
लाट आली. आत गेली.
बराच वेळ काहीच नाही.
मग खोलवरून एक ढेकर,
पंगतीतून उठलेल्या माणसाचा.

"आज अष्टमी. भांग हाय.
पानी चढायचा नाय.
उधानाला या, पुनवेला."

मग आधी का नाही सांगितलंत?

"तुमी घळ बगायची म्हन्लात.
पानी बगायचा म्हन्लात नाय."

बसले मग. खाली वाकून घळच बघितली.
उधाण जे झाकून टाकतं ते सगळं:
भिंतीतून तिरका गेलेला राखाडी पट्टा,
खेकड्यांची येजा, एक निळी चप्पल,
आणि तळाशी नारळ, कुणाच्या तरी नवसाचा,
लाट आली की निघतो,
तोंडापर्यंत येतो,
वळतो,
पुन्हा आत.
किती वेळ त्यालाच बघत होते कोण जाणे.

भांगाला कालवंही फारशी उघडी पडत नाहीत.
तरी सुगंधाबाई सवयीनं
दोन-चार ठोकून बघते,
कान देते, सोडून देते.

उठताना मला कातळाचा आधार लागतो,
मग तिचा.
"ह्योच का तो, लोखंडाचा?"
मी मान हलवते.
ती वाकते, बोटाच्या पेरानं
गुडघ्यावर टकटक करते,
कालव जिता की नुसता शिंपला
बघतात तसं.
थांबते जराशी.

"हाय," म्हणते. "चला."