ध चा सराव

गेडाम मॅडमनी कागदावर दहा शब्द लिहून दिले,
रोज आरशासमोर म्हणायचे.
पाणी. औषध. दुखतं. नको. शकुन.
शकुन माझी बायको, ती तिथंच बसली होती, लाजली.
सगळ्यांत खाली धन्यवाद.
हा जड आहे, मॅडम म्हणाल्या,
हा शेवटी येईल, घाई करू नका.

मला हसू आलं. अर्ध्याच तोंडाला आलं.

गणेशपेठच्या स्टँडवर एकतीस वर्षं
मी याच शब्दापाशी थांबत होतो.
'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.
काटोलमार्गे वरूडला जाणारी गाडी
फलाट क्रमांक सातवर लागत आहे. धन्यवाद.'
जाळीच्या खिडकीआड, एका हातात माइकची कळ,
दुसऱ्या हातात गार झालेला चहा.
गाडी लेट, धन्यवाद.
गाडी रद्द, धन्यवाद.
लेकरू सापडलं आहे, पिवळा फ्रॉक, नाव सांगता येत नाही,
धन्यवाद.
कोणाला म्हणत होतो, कधी मनातही आलं नाही.
कळ सोडण्याआधीची ती एक
खोकल्यासारखी सवय.

आता मे आहे, पारा सेहेचाळीसवर,
आणि कूलरची वाळ्याची ताटी ओली आहे,
म्हणजे ती कोणीतरी ओली केली आहे.
वरच्या मजल्यावरचा अंशुल
सुट्टी लागल्यापासून दोन वेळा बादली आणतो,
अर्धी जिन्यात सांडतो,
उरलेली टाकीत ओततो आणि माझ्याकडे बघत उभा राहतो.
मी जीभ दातांमागे लावतो, शिकवली तशी,
श्वास ढकलतो.
द. द. द.
पेशवाईत कोणी तरी ध चा मा केला म्हणतात.
माझा नुसता द होतो, कोणाचा जीव जात नाही.
'काका, दही पाहिजे का?' अंशुल विचारतो
आणि मी मान हलवायच्या आत
वर पळत जाऊन आईकडून वाटीभर दही घेऊन येतो.

झालं. आता दह्याचाही एक ध लागू झाला.

असे किती लागू आहेत, दुपारी पडल्या पडल्या मोजतो.
झोप लागते मधेच, आकडा हुकतो.
पण एक जण दरवेळी राहतोच राहतो.
कॉटन मार्केटात मी कोसळलो त्या सकाळी
हातात मेथीची जुडी होती, एवढं आठवतं.
पुढचं शकुनकडून ऐकलेलं:
एकाच्या तीनचाकीत फुलकोबी भरलेली होती,
ती त्यानं रस्त्यावरच उतरवली,
मला आत घातलं, मेडिकलला आणलं,
आणि ही पोचायच्या आत निघून गेला.
त्याचं नाव कोणी विचारलं नाही.
माझ्या शर्टाला कोबीची पानं चिकटली होती म्हणे.
रस्त्यावर ठेवलेल्या त्या कोबीचं काय झालं असेल?
गाईंनी खाल्ली? कोणी राखली?
भाव काय होता त्या दिवशी?

काल सकाळी शकुन चहा ठेवत म्हणाली,
'रातच्याले तुम्ही काटोलची गाडी लावली जी.
झोपेत. पूर्ण. फलाटासकट.'
मी बोटानं कागदाचा तळ दाखवला.
'हाव ना, तेही म्हटलं. साफ म्हटलं.
कोणाले म्हटलं ते तुम्हालेच माहीत.'
मग पदरानं बशी पुसली,
उगाच, पुसलेलीच होती ती.
'मी उठून बसली होती,' म्हणाली,
'मले वाटलं, अजून एखादी गाडी असंल.'

आज कागद घडी करून खिशात ठेवला आहे.
आरशात तोंड तिरकं, ओठाच्या कडेला थुंकी.
प्र.
प्रवा.
शकुन दारातच उभी, हातात कणकेचा गोळा.
प्रवा. शां.
घाई नाही.
वरूडची गाडी तशीही कधी वेळेवर सुटली नाही.