दुसरा भाग

कूलरमध्ये तिसरी बादली ओतली.
खसाचा वास कधीच उडालाय,
उरलाय नुसता ओल्या गवताचा.
मनीषनगर, चौथा मजला, रात्रीचे साडेबारा,
भिंत अजून हाताला लागते तव्यासारखी.
चार्वी झोपलीय तोंड उघडं टाकून,
आणि मी आवाज बारीक करून लावलाय
काळ्या डगल्यातल्या त्या माणसाचा दुसरा भाग.

पहिल्यात तो उडायचा.
दुसऱ्यात त्याला फारसं उडणं होत नाही,
हे मी विसरलेच होते.

तेव्हा मी दहाची.
गोळीबार चौकातून बाबांच्या सायकलवर, पुढच्या दांडीवर,
सीताबर्डीच्या त्या टॉकीजपर्यंत
(आता तिथे चपलांची दुकानं).
सिनेमा हिंदीत डब केलेला,
खलनायकाचा आवाज रेडिओवर साबण विकणाऱ्या माणसाचा.
मध्यंतरात एक समोसा, दोघांत.

शेवटाकडे एक जागा आली.
संगीत थांबलं.
आणि बाबांचा तळहात माझ्या डोळ्यांवर,
खळीचा, सुताचा वास असलेला.
"नोको पाहू."
मी मोजायला लागले.
बेचाळिसाला हात निघाला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी सांगितलं, डोळा काढतात त्याचा.
प्रफुल्ल हेडाऊने, ज्याने सिनेमा पाहिलाच नव्हता,
त्यात मेंदू घातला.
दिवाळीपर्यंत नाग नदी लाल झाली होती.
रात्री मी मागाच्या खड्ड्याकडे पाठ करून झोपायचे,
जिथे बाबा दिवसभर पाय सोडून बसत,
तिथे तो बसला असणार, एका डोळ्याचा.

आज बघते तर शहर पुठ्ठ्याचं.
उडताना कमरेची तार दिसते.
आणि तो साबणवाल्या आवाजाचा राक्षस,
तो तर एवढंच विचारतोय सगळ्यांना
की माझ्या पैशांचं काय झालं.
जरा मोठ्याने विचारतोय, इतकंच.

मग ती जागा.
संगीत थांबतं.
माझा हात आपोआप वर येतो,
झाकायला समोर कोणी नाही.

तो जिन्याच्या पायरीवर बसतो.
मुखवटा काढतो. टाळूवर केस विरळ.
बूट काढायला जातो, पाय सुजलाय, निघत नाही.
ओढतो. पुन्हा ओढतो.
मग बूट तसाच सोडून रडतो,
आतल्या खोलीत कोणी जागं होऊ नये
अशा बेताने.
बस.
डोळा नाही, मेंदू नाही, नदी नाही.

मी मागे घेऊन पुन्हा लावलं, घड्याळ धरून.
एकोणीस सेकंद.
मग तो उठतो, मुखवटा चढवतो, गच्चीवर जातो,
पोरं शिट्ट्या वाजवतात, मला आठवतंय,
त्या शिट्ट्या मी अंधारातच ऐकल्या.
दहा वर्षांची मी, भरभर मोजलं असेल म्हणा.
तरी बेचाळीस.

त्याच उन्हाळ्यात माग विकला.
खड्ड्यात मुरूम टाकून वरून फरशी बसवली
आणि मला किती बरं वाटलं होतं,
मी त्या फरशीवर उड्या मारल्या होत्या.
बाबा तेव्हा दारात उभे होते,
की आत होते,
काही केल्या आठवत नाही.

सकाळी फोन केला.
पाचपावलीत नळ आला होता, मागे बादल्यांचा आवाज.
बाबा, तो सिनेमा आठवते का, काळ्या डगल्यावाला?
"कोनता वो?"
सीताबर्डीचा. तुम्ही माझे डोळे झाकले होते.
थोडा वेळ नुसतं पाणी पडत राहिलं.
"मी त् झोपलो होतो अर्धा," म्हणाले.
मग म्हणाले,
"समोसा गरम होता पन."