उपासनेनंतरच्या सूचना

बसा, मंडळी. आज प्रवचन नाही.
चौतीस वर्षं ऐकलंत, तेवढं पुरे.
आज फक्त सूचना.

आधी घंटेची.
आपली घंटा म्हणजे रुळाचा तुकडा.
या डोंगरांत रेल्वे कधी चढली नाही,
पण न्ताते सेखोबे वेल्कोमच्या खाणीतून सुटले
तेव्हा हा घेऊन आले, खेचराच्या पाठीवर,
बाकी फुप्फुसांत धूळ तेवढी.
हातोडी खालच्या टोकाला मारायची.
वर मारलीत तर नुसता खणखणाट,
खाली मारलीत तर सेंकू नदीपलीकडचे गुराखीसुद्धा
टोपी काढतात.

नव्या पाळकीणबाई बुधवारी येतील.
हो, बाई. काय कुजबुजायचं ते आत्ताच कुजबुजून घ्या.
सखल भागातल्या आहेत, बर्फाची सवय नाही.
कुणीतरी त्यांना शेणी नेऊन द्या, वाळलेल्या.
मला पहिल्या हिवाळ्यात ओल्या दिल्या होत्यात,
मुद्दाम की चुकून
ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

नोंदवही कपाटात आहे.
बाप्तिस्मे पुढून, दफनं मागून.
मी आलो तेव्हा मधे बोटभर जाडीची कोरी पानं होती.
मग ती वर्षं आली. कुठली, ते तुम्हाला ठाऊक आहे.
एकेका शनिवारी तीन-तीन पेट्या,
फळ्या संपल्या तेव्हा शाळेची बाकं कापली आपण,
आणि मुलं वर्षभर जमिनीवर बसून पाढे शिकली.
वही मागूनच भरत आली.
मधे एक पान उरलं होतं.

आणि तिच्यात एक नोंद नव्हती.
तिच्यासाठीच प्रवचन रद्द केलं.

मोलेफी.
आपल्या भाषेत या नावाचा अर्थ, फेडणारा.
वर्गणीच्या कार्डावर तीन वर्षं शिक्का नव्हता.
मला नियम पाठ होते, आणि पाठ असल्याचा अभिमान होता.
मी म्हणालो, घंटा वाजणार नाही. मी येणार नाही.
खिडकीतून पाहिलं मी.
खड्डा गुराख्यांनी खणला.
स्तोत्र एका शाळकरी पोरानं वाचलं, अडखळत,
आणि तो अडखळला की
बंद खोलीत मी एकटाच
पुढचा शब्द पुरवत होतो.

म्मे मानेओ पुढच्या रविवारी आल्या.
मागच्या बाकावर, दारापाशी बसल्या.
दानाची थैली फिरली तेव्हा नाणं टाकलं.
अजून तिथेच बसतात.
सत्तावीस वर्षं मी आशीर्वाद देतो
तेव्हा माझा उजवा हात
त्या कोपऱ्याकडे जरा आखूड पडतो.
तुम्हाला संधिवात वाटला असेल.

म्मे मानेओ,
शब्दांवरच पोट भरलं माझं,
आज एकही हाकेला ओ देत नाही.
नोंद काल रात्री केली, त्या उरलेल्या पानावर.
नाव, गाव, तारीख.
दफन कुणी केलं, या रकान्यात लिहिलं:
गुराखी, आणि एक शाळकरी मुलगा.
पाळक गैरहजर.

तुम्ही घोंगडीची पिन काढून पुन्हा लावताय.
लावा. मान वर करू नका.
ही सूचना आहे, प्रश्न नाही,
उत्तर द्यायचं बंधन नाही.

नवी वही मसेरूहून मागवली आहे.
पावती पेल्याखाली ठेवलीय.

राहिलं दार.
त्याला कुलूप नाही, कधी नव्हतंच.
बिजागरी खचलीय. ढकललं तर अडतं,
लाथ मारली तर आणखी हट्टाला पेटतं.
जरासं वर उचलायचं, की आपसूक सरकतं.
बाईंना हे पहिल्याच दिवशी सांगा.
मी आठवडाभर बाहेर उभा राहून धडका देत होतो,
मग मोलेफीनं दाखवलं.

चला, उठा.
पिकअपवाला कधीचा हॉर्न देतोय,
घाटावर बर्फ धरायच्या आत पलीकडे पोचलं पाहिजे.
कोंबडी कुणाची ती सांगा,
माझ्या सामानात शिरलीय.