वर किंवा खाली

औशात पत्ता सांगायचा तर डावं-उजवं असतं,
मारुतीच्या मागं असतं.
उंच म्हणजे पाण्याची टाकी, तीही गळकी.
धडगावला आलो तेव्हा होळीची राख अजून चौकात होती,
गळ्यात ओळखपत्र, फोटोतला मी जाडा,
आणि हातात चारशे बारा वीजमीटरांची यादी.

इथं दिशा दोनच. वर, नाहीतर खाली.
टपरीवाला दगा आप्पा चहा गाळता गाळता
हनुवटीनं टेकडी दाखवतो :
"आठेच शे, भाऊ."
आठेच म्हणजे चाळीस मिनिटं,
दोनदा बसणं, एकदा कुत्रं,
आणि पोचल्यावर कळणं
की हे सायसिंग पावरा ते नव्हेत,
ते खाली राहतात.
टपरीच्या मागं.

शहाद्याहून जीपच्या टपावर बांधून सायकल आणली.
तिच्यावर बसून वर कधीच गेलो नाही.
खाली एकदा गेलो, बाजाराच्या दिवशी.
ब्रेक लागले नाहीत,
सुक्या बोंबलांचा ढीग लागला.
बोंबीलवाली रडायच्या आधी हसली, मग पैसे घेतले.
आठवडाभर गावातली मांजरं
मला ओळख देत होती.

वरच्या फळीत तर रस्ता संपला कधी
आणि गच्ची सुरू झाली कधी, समजलंच नाही.
यादीत मान घालून चालत होतो,
पायाखाली काहीतरी चिकट, आंबट,
बघतो तर मी कैरीच्या फोडींत उभा,
आमचूर होऊ घातलेल्या हजारेक फोडींत,
आणि घर माझ्या बुटांखाली.
खालून एक बाई ओरडायला लागली.
पावरी मला येत नाही,
पण शिवी कुठल्याही भाषेत चढण चढून येतेच.
राजलीबाईंनी बूट काढायला लावले,
उन्हात बसवलं,
आणि फोडी उलटायला लावल्या. एकेक. सगळ्या.
मग विचारलं, मीटर बघायला आलास ना,
तो खाली आहे, दाराशी.
रीडिंग घेताना बोटं इतकी आंबट
की तीनचा आकडा आठ दिसला.
तो मी पुढल्या महिन्यात गुपचूप दुरुस्त केला.

शेवटचं नाव टेट्या वळवी.
सगळ्यांत वरचं घर, त्याच्यावर फक्त मोहाचं झाड
आणि त्याच्यावर घार.
पहिल्या महिन्यात रीडिंग शून्य.
दुसऱ्यातही शून्य.
म्हातारा दिवेलागणीला जेवतो, अंधाराबरोबर झोपतो,
बल्ब खोक्यातून काढलेलाही नाही.
"शून्य लिहायला एवढा चढतोस?"
"नियम आहे, बाबा."
"खालूनच लिही की."
मला उत्तर सुचलं नाही.
तोवर त्यानं भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं होतं,
ते पिताना बोलता येत नव्हतं, एवढं गार.
तिथून गाव बघितलं :
माझी सगळी यादी एका तळहातावर मावेल अशी,
राजलीबाईंची गच्ची पिवळी,
आणि टपरीपाशी एक ठिपका,
तो बहुतेक दगा आप्पा, बहुतेक हनुवटी वर करून
कुणाला तरी फसवत असलेला.

तिसऱ्या महिन्यात मीटर पुसला, वाकलो,
परत पुसला.
एक.
एक युनिट.
"रात्रभर लावला," म्हातारा म्हणाला,
"दुसऱ्या रात्रीही. झोप नाही आली, किडे आले.
म्हटलं पोरगा एवढा चढतो,
त्याला काहीतरी लिहायला पाहिजे."

मी एक लिहिला. जरा मोठाच लिहिला.

बिल आलं एकशे अडतीस रुपये.
स्थिर आकार, अमका आकार, तमका आकार,
एका युनिटचे त्यात जेमतेम पाच.
ते समजावायला परवा पुन्हा वर गेलो.
म्हातारा बोलला नाही,
बल्ब खोक्यात, खोका माळ्यावर,
पण तुंबा बाहेर ठेवला होता,
भरलेला.

आई फोनवर विचारते, जमलं का रे तिकडं?
मी म्हणतो, हो, गुडघे दुखतात.
कुठं असतोस दिवसभर?
इथंच, म्हणतो. इथंच आहे, वर.