साडेतीनची पहाट

ओवळ्यात आमच्या परड्यामागे
बत्तीस मजले उभे राहिले,
तेव्हापासून फौजदार साडेतीनला आरवतो.
फौजदार म्हणजे आमचा कोंबडा.
तुरा वाकडा, चाल सरकारी.

तो सुरू झाला की चंद्री दावं ओढते,
मग तिची करडं, मग डालग्याखालची खुडूक
पेन्सिलने तारीख घातलेल्या नऊ अंड्यांवर
बसल्या बसल्या गुरगुरते,
आणि खुराड्यात सगळ्यांना एकदमच आठवतं
की दार माझ्याकडे आहे.

मी उठते. टॉर्च आधी कोपऱ्यात,
मागे एकदा मुंगूस बसलं होतं तिथे,
पाहुण्यासारखं, निवांत.
मग फळी सरकवते. मग झाडू.
लेंड्या टोपलीत, टोपली अळवाच्या बुडाशी.
हात कितीदा धुतले तरी कपाला वास राहतो;
हरेश्वर म्हणतो, त्याबिगर च्या गोड लागत नाय.
सातच्या पाळीला वागळे इस्टेटला निघताना
उंबराची एक फांदी पाडून जातो.
बोलत काही नाही. फांदी तेवढी रोज असते.

रविवारी चौदाव्या मजल्यावरचे गृहस्थ आले,
पायात पांढऱ्या सपाता,
मोबाइलवर पुरावा : तारीख, वेळ, आवाज.
लावून दाखवला त्यांनी.
फौजदार टाकीवरून उडून कुंपणावर गेला
आणि मोबाइलमधल्या त्या कोंबड्याला
असं खणखणीत उत्तर दिलं
की साहेब दोन पावलं मागे, एक सपात चिखलात.
मी म्हटलं, दादा, वर बघा.
तुमच्या गच्चीवरचा दिवा इकडे तोंड करून आहे.
त्याला उजाडल्यासारखं वाटतं, तो तरी काय करणार?
ते म्हणाले, दिवा सुरक्षेसाठी आहे.
मी म्हटलं, हाही.
जाताना सहा अंडी नेली, पैसे फोनवरून पाठवले.
दिवा होता तसाच आहे.

बोकडाला नाव ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा नियम.
बकरीला ठेवा, कोंबडीला ठेवा,
मांजराला तर तीन-तीन आहेत.
राबोडीचे मुश्ताकभाई ईदेआधी आले,
दात पाहिले, कण्यावरून बोटं फिरवली,
दोन्ही हातांनी उचलून एकदा तोलला
आणि म्हणाले, वहिनी, पाला चांगला घातलाय.
रकमेत दर्शनाच्या क्लासची फी बसली
आणि गोठ्यावरचे दोन पत्रे.
दोरी त्यांच्या हातात गेली तेव्हा
दर्शना मोरीच्या दाराशी उभी होती.
ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली.
बोकडाने कान वळवला. मग मान.
मला ते नाव ऐकू आलं नाही.
अजून विचारलंही नाही मी.

परवा रात्री कुठेतरी केबल जळाली,
घोडबंदर रस्त्यापासून खाडीपर्यंत सगळं विझलं.
बत्तीस मजले दिसेनासे झाले,
त्यांच्या बाजूने डोंगराची कड निघाली,
मी लग्न होऊन आले तेव्हा होती तशी.
साडेतीनला डोळे उघडले. माझेच.
फौजदार एका पायावर, मान पंखात.
चंद्री आडवी, करडांची पोटं वर-खाली.
कोणीच दार मागत नव्हतं.
परत पडावं म्हटलं, पाठ टेकेना.
टॉर्च न लावता पायरीवर येऊन बसले,
पदराने डास वारत,
आणि वाट बघत राहिले
तो मेला कधी आरवतो त्याची.

आरवला तेव्हा पाच पस्तीस.
डब्यासाठी काहीच केलं नव्हतं मी.