बेचाळिसावी

त्या दिवशी बाबांनी एक्केचाळीस तिकिटं फाडली होती.
जाताना ग्रुनवीकहून तेवीस,
येताना हेलनेसहून अठरा.
हिशोब जुळला, पेटी बंद झाली,
आणि बाकांखालून झाडू फिरवत ते शेवटच्या कोपऱ्यात आले
तेव्हा मी होते,
कॉडच्या खोक्यात, एका पुरुषी स्वेटरात गुंडाळलेली.
स्वेटरची एक बाही उसवलेली.

जन्मनोंदीत 'ठिकाण' या रकान्यापाशी
पाद्रीबुवांचं पेन बराच वेळ थांबलं म्हणे.
मग त्यांनी बोटीचं नाव लिहिलं.
शाळेत पोरं चिडवायची, गुनवोरची आई लोखंडाची,
वजन साडेतीनशे टन.
मी म्हणायचे, हो. आणि ती बुडत नाही.

आई दर फेब्रुवारीत ती गोष्ट सांगायची,
दर फेब्रुवारीत थोडी वेगळी.
कधी मी टाहो फोडत होते, कधी गाढ झोपेत.
मासळीचा वास तेवढा कायम:
आठवडाभर तुझ्या जावळातून जाईना,
मांजर पाळण्याखालून हलेना.
आणि शेवटी एक वाक्य, ज्यातला शब्दही ती कधी बदलत नसे.
"जिनं ठेवलं, तिनं त्याच बाकाखाली ठेवलं
जिथून इंजिनाची गरम नळी जाते.
तिला ती जागा ठाऊक होती."

आई हे त्या बाईच्या बाजूनं बोलायची.
बाराव्या वर्षी मला त्यात दुसरंच ऐकू आलं.
म्हणजे ती रोजची. म्हणजे इथलीच.
म्हणजे नंतरही त्या बाकावर बसली असेल,
बाबांना सुटे पैसे दिले असतील,
मला म्हणाली असेल, किती वाढलीस गं.

मग मी ऐलतीरी आणि पैलतीरी
बायका बघत सुटले.
कानाच्या पाळ्या. भुवया. हसताना एकाच गालाला पडणारी खळी.
हेलनेसच्या पोस्टातल्या बोर्गिल्डबाईंचा अंगठा
माझ्यासारखा मागे वळायचा.
वर्षभर मी त्यांच्याकडून एकेक तिकीट घेत राहिले,
कुणाला पत्र लिहायचं नसताना.
पुढे कळलं, त्या गावात निम्म्यांचे अंगठे तसेच वळतात.

आईला एकदाच विचारलं, भांडताना:
मी तुझ्या पोटची असते तर?
ती बटाटे सोलत होती.
"तर इतकी उंच झाली नसतीस," म्हणाली,
"छताचा दिवा कुणी बदलला असता?"
आणि सोललेले बटाटे तिनं टाकले सालींच्या टोपलीत,
मग बराच वेळ ते निवडत बसली,
मान वर न करता.

आता पूल झालाय. अकरा मिनिटं लागतात.
बोट दक्षिणेत कुठेतरी भंगारात गेली,
माझं जन्मगाव किलोनं विकलं गेलं.
आईही गेली.
छताचा दिवा आता जळतच नाही, बारीकसा, पंधरा वर्षांची हमी असलेला,
बदलावा लागत नाही.

बाबा वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून पूल दिसतो. तो त्यांना मान्य नाही.
मी कोण, हे त्यांना एखाद्या गुरुवारी आठवतं,
शुक्रवारी नाही.
दारात कुणीही उभं राहिलं, नर्स असो की डॉक्टर,
ते हात पुढे करतात:
"कुठून चढलात?"

हा प्रश्न माझा होता, बाबा.

मी कधी ग्रुनवीक म्हणते, कधी हेलनेस.
ते म्हणतात, दोन्हीकडून चार क्रोनर.
मी नाणी त्यांच्या तळव्यावर मोजते.
ते ती मुठीत धरतात, कपाळाला आठी घालतात,
माझ्या मागे, खाली कुठेतरी बघतात.
"बरोबर तान्हं आहे?
तान्ह्याला तिकीट नाही."

आहे, मी म्हणते.

"मग त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसा, बाई.
खालून गरम नळी जाते."