उभा स्पंज

मागच्या उन्हाळ्यात गाजरं कुजली.
उपटली की नुसता पाला हातात यायचा,
खाली वास,
बंदरातल्या जुन्या दोरखंडासारखा.
आणि मी तर सगळं रीतसर केलं होतं.
लार्चच्या फळ्या, कोपऱ्यांना पितळी स्क्रू,
तळाशी वीतभर खडी,
रेल्वेच्या साइडिंगवरून बादली बादलीने आणलेली,
पाणी उतरावं म्हणून.
तीस वर्षं लिएपायाच्या बंदरात क्रेन चालवली मी.
वजन कुठे टेकवायचं, ते मला कुणी शिकवू नये.

एप्रिलात बर्फ गेला तरी वाफा सुकेना.
विस्मा कुंपणापलीकडून बघत होती.
ब्याऐंशीची. कोल्खोजच्या काळात
शेतांखाली मातीच्या नळ्या घालणाऱ्यांची सर्व्हेअर.
आजही विचारलं तर सांगेल,
कुठल्या राईच्या शेताखाली कुठली नळी कुठे वळते.
"खडी काढ," म्हणाली.
"खडीनेच तर निचरा होतो," मी.

काही बोलली नाही. घरात गेली,
भांडी घासायचा पिवळा स्पंज आणला,
पिंपात बुडवला, तळहातावर आडवा धरला.
टपटप. टप.
मग थांबलं.
"संपलं पाणी?"
"संपलं."
तिने स्पंज उभा केला
आणि पुन्हा धार लागली.

तोच स्पंज, तेच पाणी.

"पाणी बारीक मातीला बिलगून असतं," ती म्हणाली,
"मोठ्या पोकळीत उतरायला कचरतं.
वरची माती गच्च भरेपर्यंत
खडीच्या उंबऱ्यावर ताटकळत राहतं.
तू निचरा केला नाहीस रे,
तळ तेवढा वर आणलास."

तीन दिवस खडी उपसत होतो.
खाली निळसर चिकणमाती,
फावडं धरलं की सोडायला तयार नाही.
"उलथू नको तिला. दाताळ्याने भोकं पाड,
वरच्या मातीशी ओळख होऊ दे."
मी वाळूचं पोतं आणलं होतं. ती हसली.
"चिकणमातीत मूठभर वाळू म्हणजे वीट.
भट्टी तेवढी बाकी."

लोणच्याच्या काकड्यांची बरणी रिकामी केली,
तिच्यात माती, पाणी, आणि हलवलं.
वाळू मिनिटात बसली.
गाळ संध्याकाळपर्यंत.
चिकण दुसऱ्या दिवशीही तरंगत होती,
काहीच ठरवता न आल्यासारखी.
ऑस्ट्रा म्हणाली, या घरात आता
माती खिडकीत आणि स्पंज बागेत.

चर खणताना विस्माने पाणसळ दिली, स्वतःची,
लाकडी, कडा झिजलेली.
दहा पावलांना चार बोटं उतार.
"आणि हे पाणी इल्ग्वार्सच्या कांद्यात जाणार नाही ना,
ते आधी बघ."
जाणार होतं.
चर वळवला, रूळांकडच्या नाल्यापर्यंत,
एक अख्खा रविवार जास्त.

मग फळीवर अजून एक फळी.
बागेची माती, दोन वर्षांचं कंपोस्ट,
मेपलची काळी पडलेली पानं.
मूठ आवळली की गोळा व्हावा,
अंगठा लावला की फुटावा.
मी अकरा वेळा केलं. दहा वेळा ती नुसतं
"हं" म्हणाली.
अकराव्यांदा आत निघून गेली, चहा करायला.

मेमध्ये चार दिवस पाऊस.
चौथ्या रात्री मला राहवेना,
टॉर्च घेऊन गेलो.
वाफ्यात बोट घातलं, ओलं होतं, पण चिखल नव्हता.
गाजरं येतील की नाही, ते ऑगस्टला.
कुंपणापलीकडे दुसरा टॉर्च.
विस्मा, रात्रीच्या झग्यावर गमबूट चढवून.
"चालतंय का बघायला आलो," मी म्हटलं.
"मग दिवा कशाला?" तिने तिचा विझवला.
मीही.

काळोखात, पायांशी,
पाणी कुठेही न धावता
चार बोटं उताराने जात होतं.